स्वस्त शहरातली महाग खोली

सोलापूर राहायला स्वस्त आहे, असे आपण सगळेच म्हणतो. हिंजवडीत नोकरी करणारा सोलापूरचा मुलगा वाकडला दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी महिन्याला जे भाडे भरतो, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात जुळे सोलापुरात तेवढाच, बहुधा त्याहून हवेशीर फ्लॅट मिळतो. त्याचे आईवडील जुळे सोलापुरातल्या आपल्या घराचा वरचा मजला भाड्याने देतात, तेव्हा हातात येणाऱ्या रकमेतून मुलाच्या पुण्यातल्या भाड्याचा निम्मा भागही निघत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसच्या दोन टोकांची ही भाडी शेजारी ठेवली की शहर स्वस्त असल्याची खात्रीच पटते. तुलना खोटी नाही. पण ती ज्या सोलापूरची आहे ते सोलापूर शहराचा एक तुकडा आहे, आणि तो सगळ्यांत बरा तुकडा आहे.

त्या तुकड्यातल्या दरांचा अंदाज कोणालाही चटकन येतो. बदलीवर आलेला बँक अधिकारी, फताटेवाडीच्या वीज प्रकल्पात रुजू झालेला अभियंता, मेडिकल कॉलेजातला डॉक्टर, हे लोक घर शोधायला निघतात तेव्हा जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडवरचा आसरा चौक, सात रस्ता, रेल्वे लाइन्स, मुरारजी पेठ असा त्यांचा फेरा असतो. दोन बेडरूमला आठ हजारांपासून बारा-चौदा हजारांपर्यंत आकडे ऐकू येतात. सात रस्त्याकडे गाडी लावायला जागा असेल तर मालक वर सरकतो. बाळे, केगाव, शेळगीकडे गेले की तोच फ्लॅट स्वस्त होतो, कारण मुलांची शाळा आणि दवाखाना दूर पडतो. मोबाइलवर या घरांचे फोटो दिसतात, दलाल दाखवतो, कराराचा मसुदा त्याच्याकडे तयार असतो. वस्त्यांच्या भाड्यांची तुलना म्हणून जे काही छापले जाते ते याच घरांचे असते.

साखर पेठ, भवानी पेठ, घोंगडे वस्ती, कन्ना चौक, अशोक चौक, नीलम नगर, दत्त नगर, कुमठा नाका या शहराच्या पूर्व भागातल्या खोल्या अशा कोणत्याच यादीत येत नाहीत. त्या खोल्यांचा फोटो कोणी काढत नाही. किराणा दुकानात, नळावर, विडी कारखान्याच्या शाखेत रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या बोलण्यात 'अमक्याची खोली रिकामी झाली' एवढे कळते आणि संध्याकाळपर्यंत ती भरते. ज्या भागात शहरातले सर्वांत जास्त कष्टकरी भाडेकरू राहतात, त्याच भागाचे भाडे कुठेच नोंदले जात नाही. माझे म्हणणे इथून सुरू होते. सोलापूर स्वस्त आहे हे विधान फ्लॅटवाल्यांच्या बाबतीत खरे आहे. खोलीवाल्यांच्या बाबतीत मोजमापाचे एकक बदलले की ते उलटे होते.

आधी साधा हिशेब करू. समजा, जुळे सोलापुरातला साडेआठशे चौरस फुटांचा फ्लॅट दहा हजार दोनशे रुपयांना मिळाला. चौरस फुटाला बारा रुपये पडले. पूर्व भागात दहा बाय बाराची एक खोली, सामाईक संडास, अंगणातली मोरी, भाडे चोवीसशे. तिथे चौरस फुटाला वीस रुपये. आकडे थोडे वरखाली करा, हिशेबाची दिशा बदलत नाही. कमी पैसे असलेला माणूस घाऊक जागा घेऊ शकत नाही, त्याला किरकोळीत घ्यावी लागते, आणि किरकोळीचा दर नेहमी चढा असतो. शिवाय फ्लॅटच्या बारा रुपयांत संडास, स्वयंपाकघर, गॅलरी, जिना, लिफ्ट हे सगळे येते. खोलीच्या वीस रुपयांत चार भिंती आणि वर पत्रा येतो.

पत्र्याचे महत्त्व सोलापूरबाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. इथला मे महिना चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो. जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहत. माती आणि लाकडाचे ते छत आता दुरुस्त करायला ना कारागीर मिळतो ना पैसे पुरतात, म्हणून ते उतरवून पत्रा घातला जातो. आज पूर्व भागात खोली विचारायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न 'पत्र्याची की स्लॅबची?' हाच असतो, आणि भाड्यातला मोठा फरक तिथेच पडतो. चार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी कुटुंब पत्र्याखाली जाते आणि मार्च ते जून दुपारभर तापलेल्या खोलीत राहते. तान्हे मूल असेल, घरात दम्याचा म्हातारा असेल, तर त्या चार-पाचशेंची भरपाई दवाखान्यात होते.

विजेचे गणित तर अजून कोणी नीट मांडलेलेच नाही. वाड्याला किंवा चाळवजा घराला एकच मीटर असतो आणि खोल्यांना सबमीटर. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा टप्पा स्वस्त असतो आणि १०१ ते ३०० चा टप्पा दुपटीच्या आसपास जातो. चार कुटुंबांनी प्रत्येकी सत्तर युनिट वापरले तर स्वतंत्र मीटरवर चौघेही स्वस्त टप्प्यात बसतात. एकाच मीटरवर मात्र एकूण दोनशे ऐंशी होतात, पैकी शंभर स्वस्त, उरलेले एकशे ऐंशी महाग. स्थिर आकार एकदाच लागतो हे धरूनही चौघांचे मिळून बिल फुगते. गरिबांसाठी ठेवलेली सवलत एकत्र राहण्याची वेळ आलेल्या गरिबांनाच मिळत नाही. वरून मालक युनिटचा दर स्वतः ठरवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार मालकाला पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. पण ज्याच्याकडे करारच नाही त्याने हे कलम घेऊन कोणत्या दारात जायचे?

आता पाणी. सोलापूरच्या कोणत्याही भाड्याची चर्चा पाण्याशिवाय अपुरीच राहते. उजनी धरण शहरापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. तिथून जलवाहिनीने काही पाणी येते. काही पाणी भीमेच्या पात्रातून सोडले जाते, ते औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडते आणि टाकळीहून उपसले जाते. या प्रवासात सोडलेल्या पाण्याचा मोठा भाग वाटेतच जातो. ब्रिटिशकाळात बांधलेला एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो, तो थोडा हातभार लावतो. एवढे सगळे करून नळाला पाणी वर्षानुवर्षे तीन, चार, कधी पाच दिवसांआड येत आले आहे. उजनीच्या समांतर जलवाहिनीवर शहराची मोठी आशा आहे आणि ती खरी ठरावी अशी माझीही मनापासून इच्छा आहे. पण रोज पाणी येणारे सोलापूर दोन पिढ्यांना आठवत नाही. घरे, हौद, टाक्या आणि भाडी या तुटवड्यावरच बेतली गेली आहेत.

अपार्टमेंटमध्ये जमिनीखाली हौद असतो, गच्चीवर टाक्या असतात, बोअर असते, तेही आटले तर टँकर येतो आणि त्याचा खर्च देखभालीच्या वर्गणीत मिसळून जातो. तिथल्या रहिवाशाला पाण्याचा दिवस कोणता हे माहीत नसले तरी चालते. खोलीतल्या कुटुंबाचे काय होते ते पाहू. पाच माणसे, माणशी सत्तर लिटर, चार दिवसांचा साठा करायचा तर चौदाशे लिटर लागतात. दोनशे लिटरचे सात बॅरल. एक बॅरल साधारण चार चौरस फूट जागा खातो, म्हणजे अठ्ठावीस चौरस फूट. एकशे वीसच्या खोलीतला जवळजवळ चौथा हिस्सा. वीस रुपये फुटाने घेतलेल्या जागेत ते कुटुंब महिन्याला साडेपाचशे रुपये फक्त पाणी उभे करायच्या जागेचे भाडे भरणार. हे परवडत नाही म्हणून सात बॅरल कोणी ठेवत नाही, दोन-तीन ठेवतात. तीन बॅरल म्हणजे सहाशे लिटर, चार दिवस, पाच माणसे, दर माणशी दिवसाला तीस लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी सरकारी मानक १३५ लिटरचे आहे.

आणि पाणी येते त्या वेळी घरात माणूस लागतो. पाण्याची पाळी पहाटे असो, भर दुपारी असो, बाईला कामावरून राहावे लागते किंवा मुलीला शाळेतून. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा पडला तर तो पगारातून जातो. महिन्यातून सात-आठ वेळा अशी पाळी येते. हा खर्च भाड्याच्या आकड्यात कधीच दिसत नाही, पण तो घराचाच खर्च आहे.

इतके असूनही लोक हलत का नाहीत, हद्दवाढ भागात थोडी मोठी, थोडी स्वस्त खोली का घेत नाहीत, असा प्रश्न सुशिक्षित वर्गातून नेहमी येतो. त्याचे उत्तर या शहराच्या कामधंद्यात आहे. सोलापूरच्या पूर्व भागात घर हाच कारखाना आहे, आणि ही गोष्ट आजची नाही. इथली पहिली कापड गिरणी १८७४ मध्ये स्थापन झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, पण त्या सगळ्या काळात पद्मशाली विणकरांचे माग घरातच चालत होते. धनंजयराव गाडगीळ यांनी सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला आणि गोखले संस्थेने तो १९६५ साली प्रसिद्ध केला. गिरण्या, हातमाग आणि विडी या तीन धंद्यांवर उभे असलेले हे शहर समजून घ्यायला तो ग्रंथ आजही पहिल्यांदा उघडावा लागतो.

गिरणीमालकांनी कामगारांसाठी चाळी बांधल्या होत्या. त्या काही उदारपणाने बांधल्या नव्हत्या. भोंगा झाला की माणूस पाच मिनिटांत हजर हवा, म्हणून बांधल्या. तरीही एक गोष्ट त्यात होती: कामगाराने कुठे राहायचे हा प्रश्न काही अंशी तरी काम देणाऱ्याचा मानला जात होता. लक्ष्मी-विष्णू १९९५ मध्ये बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या, आणि गिरणीच्या जागी जो यंत्रमाग आला त्याने ही जबाबदारी पूर्णपणे झटकली. टॉवेल आणि चादर आजही सोलापूरच्या नावाने जगभर जातात. ते विणणाऱ्याची खोली ही मात्र आता त्याची एकट्याची बाब झाली. विडी कारखानदारांनी तर ती कधी आपली मानलीच नव्हती. हजारो बायका शाखेतून पाने आणि तंबाखू आणतात, घरी बसून विड्या वळतात आणि मोजून परत देतात. कारखान्याची जागा, वीज, छप्पर हे सगळे त्या बाईच्या खोलीत आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, सुपातली तंबाखू, बाजूला झोपलेले मूल, कोपऱ्यात बॅरल. भाडे ती भरते आणि उत्पादन कारखानदाराचे होते. तिच्या मजुरीच्या हिशेबात जागेचे भाडे कुठेच धरलेले नसते. मला हा या शहरातला सर्वांत मोठा न बोललेला अन्याय वाटतो, आणि किमान वेतनाच्या प्रत्येक वाटाघाटीत तो मांडला गेला पाहिजे.

म्हणूनच ही बाई शाखेपासून लांब जाऊ शकत नाही. माल आणायला आणि द्यायला रोज रिक्षाचे पैसे गेले तर वळलेल्या शेकड्यामागे काहीच उरत नाही. सोलापूर महापालिकेची परिवहन सेवा ज्या अवस्थेत आहे ती पाहता बसच्या भरवशावर रोजचे काम ठेवणे शक्य नाही. शेअर रिक्षा आहेत, पण त्या भरेपर्यंत थांबतात आणि संध्याकाळनंतर दर वाढवतात. खोलीच्या भाड्यात वाचलेले पाचशे रुपये रस्त्यावर सहज संपतात.

इथे रे नगरचा विषय टाळता येणार नाही. कुंभारीला तीस हजार घरांची असंघटित कामगारांची वसाहत उभी राहते आहे आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. त्याआधी त्याच परिसरात गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावट्याच्या संघटनेने तीस-चाळीस वर्षे मोर्चे काढून, दिल्लीपर्यंत धडका मारून हे करवून घेतले. विडी वळणाऱ्या बाईच्या नावावर घर होणे ही मामुली गोष्ट नाही. नवऱ्याने हाकलले तर जायला जागा आहे, एवढ्या एका कारणासाठीही ती योजना मी मोलाची मानेन. तिची थट्टा करणाऱ्यांनी तिथल्या एखाद्या बाईशी बोलून पाहावे.

पण मालकीच्या घराने भाड्याचा प्रश्न सुटत नाही, हेही तेवढ्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. कुंभारी शहराच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्यावर आहे. तीनशे चौरस फुटांच्या आसपासचे पक्के घर, स्वतःचा संडास, स्वतःचा मीटर, या सगळ्या गोष्टी तिथे आहेत. काम मात्र आपोआप घरामागे चालत येत नाही. घरी विड्या वळणारीला शाखा जवळ आली तर निभावते. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याला, सात रस्त्याच्या बंगल्यांत स्वयंपाक करणारीला शहरातच राहावे लागते. शिवाय ज्याला पहिला हप्ताच भरता येत नाही, जो पाच वर्षांनी कुठे असेल हे त्यालाच ठाऊक नाही, जो इंडी, आळंद, तुळजापूर, मंगळवेढ्याकडून नुकताच आला आहे, त्याच्यासाठी घराची मालकी हा प्रश्नच नसतो. त्याला चांगली, रास्त भाड्याची खोली हवी असते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी २७.५ टक्के भाड्याच्या घरात राहत होती. आपल्या गृहनिर्माण योजनांचे जवळजवळ सगळे लक्ष मात्र उरलेल्यांत भर घालण्याकडे राहिले. कोविडच्या टाळेबंदीत मजूर पायी निघाले तेव्हा सरकारला भाड्याच्या घरांची आठवण झाली आणि जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरे हा चार घटकांपैकी एक घटक आहे. म्हणजे कागदावर दार उघडे आहे.

वस्त्यांच्या भाड्यातल्या फरकाचे आणखी एक कारण आहे, जे दलालही मोठ्याने सांगत नाही. घर पाहायला गेल्यावर भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज आला नाही तर 'मूळ गाव कुठले', 'घरात मांसाहार होतो का' असे प्रश्न येतात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा बोलणारे हे शहर बाजारात एकमेकांशी गुण्यागोविंदाने वागते, घर देताना मात्र आपापल्या दारात उभे राहते. मुसलमान डॉक्टरला किंवा बौद्ध प्राध्यापकाला पगार असूनही नव्या वसाहतींत फ्लॅट मिळत नाही, तेव्हा त्याला मोजक्या मोहल्ल्यांत आणि नगरांतच घर शोधावे लागते. निवड कमी आणि मागणी तिथल्या तिथेच, त्यामुळे अशा भागांत रस्ते, गटारे, पाणी या सोयी कमी असूनही भाडे त्या मानाने उतरत नाही. कमी सोयींसाठी जास्त पैसे देणे हा एक जादा कर आहे आणि तो जन्मावरून वसूल होतो. आपला भाडे कायदा याबद्दल गप्प आहे. पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवण्याचा सहकारी संस्थेचा नियम मान्य केला, त्यानंतर तर संस्थांना जास्तच बळ मिळाले. घटनेचे पंधरावे कलम राज्यसंस्थेला बांधते, घरमालकाच्या उंबरठ्यावर ते पोचत नाही. ते पोचवणारा कायदा विधिमंडळाने करायला हवा. माझे हे मत अनेक घरमालक मित्रांना आवडत नाही, तरी मी त्यावर ठाम आहे.

कराराकडे येतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झाला तर भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. इतका स्पष्ट कायदा असूनही खोल्यांच्या सोलापुरात करार जवळजवळ नसतोच. मालकाला भीती असते की भाडेकरू कायमचा बसेल. गेल्या शतकातल्या भाडे कायद्यांच्या आठवणींतून आलेली ही भीती सगळी निराधार नाही. दुसरे कारण मिळकत कर. कराचा पाया वार्षिक भाडेमूल्य असल्यामुळे भाडेकरू दाखवला की कर वाढतो, म्हणून तो दाखवला जात नाही.

याचा फटका कुठे बसतो ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत प्रवेश हवा असेल तर भाडेकरूला राहत्या पत्त्यासाठी नोंदणीकृत करार द्यावा लागतो. ज्या मुलांसाठी या जागा ठेवल्या त्यांचेच आईबाप कराराविना राहतात. शाळा गल्लीच्या तोंडाशी, उत्पन्नाचा दाखला तयार, आणि पत्त्यासाठी अर्ज अडतो. हुकलेल्या जागेची किंमत वर्षाला काही हजार रुपये फी इतकी धरली, तरी बिनकराराची खोली त्या कुटुंबाला किती महाग पडली याचा अंदाज येईल. रेशन कार्डावरचा पत्ता, गॅसची जोडणी, मतदारयादी, सगळीकडे हेच.

महापालिकेला आणि राज्याला यात करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले काही फुकट आहे. नोंदणीकृत करारांत दर महिन्याला हजारो भाड्यांचे आकडे सरकारजमा होतात. नावे गाळून ते प्रभागनिहाय प्रसिद्ध केले तर मालक आणि भाडेकरू दोघांनाही चालू दर कळेल. पूर्व भागातल्या खोल्यांसाठी मिळकत करात उलटी सवलत द्यावी: करार नोंदवून भाडेकरू दाखवणाऱ्या मालकाचा कर कमी व्हावा, लपवणाऱ्याचा वाढावा. एका ठरावीक भाड्याखालच्या करारांना मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च माफ असावा. महावितरणने एका मीटरवरच्या कुटुंबसंख्येप्रमाणे स्वस्त टप्पा मोजावा, किंवा खोलीनिहाय मीटर विनाअनामत द्यावेत. पाण्याच्या बाबतीत वाड्यांना सामाईक हौद बांधायला अनुदान द्यावे, म्हणजे बॅरल खोलीबाहेर जातील. बंद गिरण्यांच्या आणि सरकारी जमिनींवर जे काही बांधकाम पुढे होईल, त्यात काही मजले भाड्याच्या छोट्या घरांसाठी कायमचे राखून ठेवावेत. ही घरे विकण्यासाठी नसावीत, कारण विकली की पहिल्या फेरीतच ती वरच्या वर्गाकडे जातात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पूर्व भागातला खोलीमालक हा कोणी बडा जमीनदार नाही. बऱ्याचदा तो स्वतः मागावर काम केलेला असतो, किंवा ती एखादी विधवा असते जिला दोन खोल्यांचे भाडे हेच पेन्शन. तिच्यावर कायद्याचा बडगा उगारून काय मिळणार? काहीच नाही, हे मला मान्य आहे. तिच्या खोल्या बंद झाल्या तर शहरातली सगळ्यांत स्वस्त छपरे नाहीशी होतील. तिला पत्रा उतरवून स्लॅब टाकायचा आहे, एक संडास वाढवायचा आहे, आणि त्यासाठी दोन-अडीच लाख रुपये हवे आहेत. फ्लॅट विकत घेणाऱ्याला बँक वीस वर्षांचे कर्ज देते, व्याजात सरकारी सवलतही मिळते. या बाईला बँक दारातूनच परत पाठवते, कारण बांधकाम परवाना नाही, जागा गुंठेवारीतली आहे, आणि सातबाऱ्यावर तिच्यासोबत आणखी अनेकांची नावे आहेत. हद्दवाढ भागात तर १९९२ पासून अशा जागांचे जाळेच झाले आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, त्याखालची प्रकरणे निकाली काढण्यासाठी प्रभाग कार्यालयांत वेगळा कर्मचारी बसवला आणि भाड्याच्या खोलीच्या दुरुस्तीसाठी छोटे, हमीचे कर्ज मिळू लागले, तर ती बाई उद्या गवंड्याला बोलावेल. बदल्यात तिने करार नोंदवावा आणि पाच वर्षे ठरलेल्या मर्यादेपलीकडे भाडे वाढवू नये. भाडे कायद्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहेच. तेवढीच मर्यादा इथेही घालता येईल, आणि तिला ती जाचक वाटण्याचे कारण नाही.